मैनी रविवारीच का जेवत होती

घर सोडून आलेले माणूस नव्या जागी रुळते, असे आपण म्हणतो. रुळते म्हणजे नेमके काय होते, आणि ते कशाने होते? या प्रश्नाचे उत्तर मला लिहून काढायचे आहे. प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे तसाच शिक्षकांचाही आहे, आणि दोघांची उत्तरे निरनिराळी असतील असे मी पुष्कळ दिवस समजत होते. ब्रह्मपुरीला राहिलेल्या माझ्या माणसांसाठी आणि माझ्याप्रमाणे नेमणुकीचा कागद घेऊन दूरच्या शाळेत गेलेल्यांसाठी हे लिहीत आहे.

मी निघाले ती जूनमधील एक सकाळ होती. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर त्यांनी माझ्या सामानाची यादी हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचली आणि मी प्रत्येक वस्तूच्या वतीने "हजर" म्हणाले. शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनाही त्यात रस वाटू लागला. यादीत नसलेले एक पोते मात्र आईने आधीच बसमध्ये चढवले होते.

"एटापल्लीले तांदूळ भेटत नाई का?" बाबांनी विचारले.

"भेटते. पन आपल्या बांधीतला थोडीच भेटते?" आई म्हणाली. बांधी म्हणजे आमचे धानाचे शेत.

बस हलली तेव्हा बाबांनी खिडकीशी येऊन लहानपणापासून ऐकवलेले वाक्य पुन्हा ऐकवले, "आधी लिहून काढजो, मंग घाबरजो." आलापल्लीपर्यंत मी रडले नाही. त्यापुढे सागाचे जंगल सुरू झाले, मोबाईलचे नेटवर्क गेले, आणि मग थोडे रडले. पुढे सूरजागडच्या लोहखाणीतून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ खिडकीतून आत आली, त्यामुळे डोळे पुसण्याला सोयीचे कारणही मिळाले.

माझी निवासी आश्रमशाळा एटापल्लीच्या पलीकडे आहे. मुले आसपासच्या रानगावांतून येतात आणि वर्षाचे बहुतेक दिवस शाळेतच राहतात. मी नीटनेटकी आहे हे ओळखून मुख्याध्यापकांनी पहिल्याच महिन्यात भोजनाची व्यवस्था माझ्याकडे सोपवली. तोवर मुले वाटेल तिथे बसत. मोठी दोनदा वाढून घेत आणि लहानांपर्यंत भाजी पोहोचतच नसे. मी इयत्तेनुसार रांगा केल्या आणि रांगेत हजेरीपटाचा क्रम लावला. वाढण्याचा वेळ निम्म्यावर आला. "मॅडम, पंगत पट्टीनं आखल्यासारखी दिसते," असे मुख्याध्यापक म्हणाले, आणि ती माझ्या नोकरीतील पहिली शाबासकी मी त्याच दिवशी पत्राने घरी कळवली. माझे स्वतःचे ताट घेऊन मी खोलीवर जात असे. मुख्याध्यापक कार्यालयात फाइल उघडी ठेवून जेवत. आम्ही दोघेही रुळलो आहोत, अशी माझी समजूत होती.

मैनी त्या वर्षी पहिलीत आली. तिची मोठी बहीण सुनीता सातवीत, माझ्या गणिताच्या वर्गात. जुलै संपेपर्यंत मैनी बोलेनाशी झाली आणि ताटातले अन्न तसेच ठेवू लागली. मी वही केली : दिनांक, वेळ, खाल्लेले अन्न. रविवारी सकाळी मी घरी फोन करण्यासाठी आलापल्लीला जात असे आणि संध्याकाळी परतत असे. त्या दिवसाची नोंद स्वयंपाकीण पोचूबाई कोळशाने भिंतीवर करत. ताट रिकामे झाले तर पूर्ण गोल, नाहीतर अर्धा.

त्याच सुमारास आम्हा शिक्षकांचे मानसिक आरोग्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. तिथून मी चेहऱ्यांचा तक्ता आणला. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला अशा चार चेहऱ्यांपैकी मुलांनी रोज सकाळी आपल्या चेहऱ्याखाली चिंचोका ठेवायचा. सगळे चिंचोके रोज हसऱ्या चेहऱ्याखालीच पडत, मैनीचाही. मी सुनीताला कारण विचारले.

"मॅडम, तेच बरोबर उत्तर आहे ना?" ती म्हणाली.

मी तक्ता काढून ठेवला. शाळेत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मूल बरोबर उत्तर शोधते, हे शिक्षिकेलाच सांगावे लागावे, याची मला लाज वाटली.

मग सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मुलींचे वडील आले. मुख्याध्यापकांसमोर ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. "पोरगी सुकून राह्यली, सर. पुढच्या बाजाराले येतो. अशीच दिसली तर नेतो."

"आणि सुनीता?"

"लहानी घरी एकटी कशी रायन? आमी दोघं रानात. मोठी बी येईन."

म्हणजे सात दिवसांत एक नव्हे, दोन मुलींची शाळा सुटणार होती. सुनीता रडली नाही. तिने फक्त विचारले, "मॅडम, गणिताचं पुस्तक घरी नेऊ का? अपूर्णांक बाकी आहेत."

मी वही घेऊन पोचूबाईंच्या भिंतीसमोर बसले. तीन आठवड्यांतील तिन्ही रविवारी पूर्ण गोल. बाकीचे दिवस अर्धे किंवा त्याहून कमी. रविवारी असे वेगळे काय असते? रविवारी अंडी असतात. म्हणून त्याच रात्री अंडी करायला लावली. मैनीने हात लावला नाही. रविवारी वर्ग नसतात. म्हणून मंगळवारी तिला दिवसभर वर्गातून सूट दिली. ती अंगणात बसून राहिली आणि जेवली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम मी काटेकोर पाळत होते. त्यात दोन दिवस संपले.

बुधवारी मी पोचूबाईंना माझी अडचण सांगितली. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मॅडम, रविवारी अजून एक गोष्ट वेगळी रायते."

"कोणती?"

"रविवारी तुमी नसता."

माझा चेहरा पाहून त्या हसू लागल्या. "रागावू नका जी. तुमी गेल्या का रांगा मोडते. मैनी बहिणीच्या मांडीले टेकून बसते. सुनीता पहिला घास खाते, मंग मैनी खाते. त्यायच्या घरी तसंच हाय."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी वहीत लिहून राह्यल्या होत्या. मले वाटलं, वहीले मालूम असन."

मी काही बोलण्याआधीच त्यांनीच मला प्रश्न टाकला. "आन तुमचं ताट रोज अर्धं वापस येते, ते कोन्या वहीत लिवता?"

आई फोनवर विचारी, "जेवली का?" आणि मी दर रविवारी "हो" म्हणून हसऱ्या चेहऱ्याखाली चिंचोका ठेवत होते.

गुरुवारी मी रांगा मोडल्या. ज्याला जिथे बसायचे तिथे त्याने बसावे. एका गावची मुले एकत्र बसली तरी चालेल. मात्र वाढायला आधी लहानांपासून सुरुवात होईल. मुख्याध्यापक म्हणाले, "गोंधळ होईल, मॅडम."

"होईल, सर. तो पाहायला आपणही पंगतीत या."

ते आले. दुसरीतील दोन मुलींच्या मधे त्यांना जागा मिळाली. एकीने त्यांच्या ताटात निरखून पाहिले आणि म्हणाली, "सर, भाजी काऊन टाकून राह्यले? पोचूबाई बोलते मंग." सरांनी भाजी संपवली. त्या दुपारी मी त्यांना पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकले. आणखी दोन दिवसांनी त्यांनी आपणहून सांगितले की त्यांची झोप वर्षभर बिघडलेली आहे आणि चंद्रपूरला राहिलेल्या घरच्यांना त्यांनी ते कळू दिलेले नाही. पुढच्या सुटीत ते डॉक्टरांकडे गेले.

मैनी पहिल्या दिवशी चारच घास जेवली. मी वहीत "चार" असेच लिहिले. शनिवारी तिने अर्धे ताट संपवले. रविवारी संध्याकाळी मी परतले तेव्हा तिने आपणहून एक शब्द उच्चारला, आणि तो शब्द "भात" हा होता.

बाजाराच्या दिवशी वडील आले तेव्हा पंगत बसलेली होती. सुनीताचे कपडे बांधून तयार होते आणि गाठोड्यावर गणिताचे पुस्तक होते. वडील काय ठरवतील हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ते दारात उभे राहिले. मैनी तोंडात घास असताना शेजारच्या मुलीला घरच्या गोंडी भाषेत दटावत होती. कशासाठी, ते मला कळले नाही. वडिलांना कळले असावे, कारण ते हसले.

"उभे काऊन भाऊ? बसा ना," पोचूबाई म्हणाल्या.

ते दोन्ही मुलींच्या जवळ बसून जेवले, हात धुतले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "घरी बी एवढी खात नाई ते. राहू द्या."

सुनीताने पुस्तक उचलले आणि धावत जाऊन वर्गाच्या कपाटात परत ठेवले.

या गोष्टीला पाच वर्षे झाली. मैनी सहावीत आहे आणि पहिलीतल्या दोन मुलींना शेजारी घेऊन बसते. सुनीता ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात राहून बारावी करते. रविवारी विहारातील वंदनेनंतर माझी आई तिला घरी जेवायला नेते आणि फोनवर मला अहवाल देते, "आधी नाई म्हनते, मंग दोनदा घेते." मी सुटीसाठी ब्रह्मपुरीला निघते तेव्हा शाळेतील मुली विचारतात, "मॅडम, घरी वापस कधी येता?" कोणते घर, असे मी आता विचारत नाही.

माझे उत्तर असे की आपल्या ताटात काय उरले हे शेजारच्याला दिसते आणि तो ते बोलून दाखवतो, तिथे माणूस रुळते, आणि ती जागा घर होऊ लागते. सगळ्यांना एवढ्याने भागत नाही. पुढे दुसऱ्या एका मुलीचे मौन पंगतीने सुटले नाही. तिला रुग्णालयात न्यावे लागले आणि तिथल्या उपचारांनी ती सावरली. शिवाय माझा पुरावा एका शाळेचा आणि एका वहीचा आहे. म्हणून विनंती एवढीच : माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या शाळेत आठवडाभर कोण कुणाशेजारी बसून किती जेवते ते स्वतः पाहा, शिक्षकांची ताटेही पाहा, आणि माझे उत्तर बरोबर आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.