दुलातचं घड्याळ

मायकुदुकच्या बाजारात प्रिंटर दुरुस्त करणारा कैसर म्हणजे दगड आहे दगड, असं त्याच्या सख्ख्या मावशीनं चारचौघांत सांगितलं. ते ऐकून कैसरनं काय करावं? तिच्या चहाच्या वाटीत आणखी ओतला. तिला टोचावं म्हणून नव्हे हं. वाटी रिकामी दिसली म्हणून.

मावशीचं तरी काय चुकलं म्हणा. धाकटा भाऊ दुलात ऐन उमेदीत गेला, बल्खाशच्या रस्त्यावर हिमवादळात गाडी घसरून, आणि या थोरल्याच्या डोळ्यात टिपूस नाही. माती देऊन आला तो दारातले पाहुण्यांचे बूट जोडीनं लावत बसला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मांस कापायला हा, पाण्याची झारी घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घालायला हा. सगळं आवरलं की आपल्या खोलीत जायचा आणि कॉम्प्युटर लावायचा. आतून त्याला कसं वाटत होतं विचाराल, तर दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल होतो ना, तसं. गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

खोलीत चालायचं ते काम दोघा भावांचं होतं. टीव्हीला जोडायच्या डबड्यावरचे जुने जपानी खेळ पुढं कॉम्प्युटरसाठी विकायला येतात. येतात, पण कसे? विकायची घाई इतकी की कुणी नीट बसवूनसुद्धा देत नाही. चित्र अडखळतं, होडी गचके खाते, माणूस उडी मारतो तो हवेतच थबकतो. हे दोघं भाऊ असे खेळ उघडून त्यांची आतडी सरळ करायचे आणि दुरुस्ती जगाला फुकट वाटायचे. प्रिंटरवर घर चालायचं, खेळांवर जीव.

त्यातला सगळ्यात जिवाचा खेळ म्हणजे 'पूर'. पुरात सापडलेल्या गावातून दोन नावाड्यांनी माणसं बाहेर काढायची. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं पुढं उभं राहून बांबूनं होडी सावरायची. लहानपणी शेजारच्या इमारतीच्या तळघरात एक खेळघर होतं, तिथं हे दोघं तासन्‌तास बसत. वल्ही कैसरकडे, बांबू दुलातकडे. बुडाले की दुलात म्हणायचा, "आगा, तुझ्यामुळं." आणि थोरल्या भावाला आगा म्हणत म्हणतच त्याची अक्कल काढायचा.

आता या खेळाची गोम अशी. पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं दाखवायची, हे त्याच्या हाडात बसलेलं. कैसरनं खटपट करून ती साठ केली. झालं! नदी दुप्पट धावायला लागली, आणि पुरातली म्हातारी होडीत पाय ठेवायच्या आत वाहून जायला लागली. खेळ वेळ मोजत होता तो चित्रं मोजून; चित्रं वाढली की त्याच्या लेखी वेळही वाढली. मग दुलातनं एक वेगळंच घड्याळ लिहिलं. चित्रं कितीही असोत, नदी वाहायची ती या घड्याळाच्या तालावर. ते घड्याळ बसवल्या दिवशी दोघांनी खेळून पाहिलं. पाणी असं वाहत होतं की कैसर बघतच राहिला. नंतर थोड्याच दिवसांत बल्खाशचा तो रस्ता आला.

दुरुस्ती दोघांच्या नावानं बाहेर पडली आणि तक्रारी सुरू झाल्या. एकट्यानं खेळताना हिसके बसतात, सारखे, बारीक बारीक, डोकं उठतं. कैसर आपल्याकडे लावून बघायचा, तर सगळं मऊसूत. तो तसं लिहायचा: माझ्याकडे होत नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा हेच उत्तर. ताश्कंदच्या एका जोडप्यानं तेवढं लिहिलं, आम्ही नवराबायको खेळतो, आमच्याकडे लोण्यासारखं चालतं. बाकीचे वैतागले. मग ओम्स्कचा ग्लेब म्हणून एक हुशार गडी पुढं आला. माणूस वाईट नव्हता, उलट फार जपून बोलला. दुःखाची कल्पना आहे म्हणाला, पण दुलातचं घड्याळच चुकतंय. मी नवं लिहिलंय, ते घाला, जुनं काढा.

कैसरनं उत्तर लिहिलं, "बरं."

हे कळल्यावर तोलेगेन कडाडला. तोलेगेन म्हणजे दुलातचा शाळेपासूनचा दोस्त, मायकुदुक ते तेमिरताऊ मिनीबस चालवायचा. तोंडाचा फटकळ, मनाचा लोणी.

"आगा, बरं काय बरं? त्यानं रात्रीचा दिवस करून लिहिलेलं, ते तू उपटून फेकणार? कोण तो ओम्स्कचा शहाणा?"

"चुकत असेल तर काढायलाच हवं."

"तुझ्याकडे चुकतंय का?"

"नाही."

"मग?"

"इतके लोक खोटं बोलतील का?"

"अरे, दुलातला बायको नाही, पोर नाही. कोट आहे एक, तो मामा नेईल. एवढं घड्याळच तर राहिलंय त्याचं या जगात! कबरीवरचा दगडसुद्धा अजून बसवलेला नाही. तू बोल की काहीतरी. भांड, शिव्या दे, पण असा बघू नकोस माझ्याकडे!"

कैसर बघतच राहिला. तोलेगेनचं म्हणणं त्याला पटत होतं. पण पटून पुढं जे काय व्हायला हवं असतं, ते होत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "वर्षाचं जेवण होऊ दे. मग काढतो."

वर्षाचं जेवण झालं. घर माणसांनी फुललं. घोड्याचं मांस शिजलं, बाउर्साक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळून तळून कुल्झिरा आपाचे हात सुजले. आपा म्हणजे या दोघांची आई. चणीनं एवढीशी, पण शब्द पक्का. मुल्लांचं पठण झालं आणि शेवटी वाटप सुरू झालं. गेलेल्याच्या वस्तू घरात अडकवून ठेवायच्या नाहीत. ज्यानं त्याच्यावर जीव लावला त्याला तेबेरिक, म्हणजे आठवणीची भेट म्हणून द्यायच्या, आणि घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. कोट मामाला गेला. घड्याळ, म्हणजे मनगटावरचं, चुलतभावाला. तोलेगेनला काय द्यावं म्हणून आपा खोल्याखोल्यांतून फिरून आली. कैसर तेव्हा खाली पाहुण्यांना गाडीत बसवत होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत होतं आणि आपा स्वयंपाकघरात उरलेली भांडी पुसत होती. कैसर कॉम्प्युटरपुढं बसला. दुलातचं घड्याळ काढायचं, ग्लेबचं घालायचं, पाठवून द्यायचं. काढण्याआधी एकदा शेवटचं म्हणून त्यानं 'पूर' लावला, आणि होडीनं हिसका खाल्ला.

त्याला वाटलं, आपल्याच पापणीचा दोष. पुन्हा हिसका. पुन्हा. लोकांनी लिहिलं होतं तसाच, बारीक, डोकं उठवणारा.

म्हणजे लोक खरंच बोलत होते. वर्षभर आपण त्यांना खोटं पाडलं. त्याला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. त्यानं दुलातचं घड्याळ काढलं, ग्लेबचं घातलं आणि होडी सोडली.

हिसका.

आता मात्र तो सरळ बसला. ग्लेबचंही काढलं. दोघा भावांची सगळी दुरुस्ती काढून विकत मिळतो तसा नागडा खेळ लावला. तिथंही तोच हिसका, फक्त इतर गचक्यांत लपलेला. म्हणजे दोष ना या घड्याळात होता ना त्या. दोष मुळातला होता. मग वर्षभर आपल्याकडे का नाही? काल नव्हता, आज आहे, असं झालं तरी काय? त्यानं मशीनभोवती पाहिलं, तारा हलवून पाहिल्या. पुढच्या बाजूला दोन तारा असायच्या, तिथं एकच होती.

"आपा! इथली दुसरी जॉयस्टिक कुठाय?"

"तोलेगेनला दिली रे," आतून आवाज आला. "दुलातचीच होती ना? का, काय झालं?"

कैसरनं तोलेगेनला फोन लावला.

"जॉयस्टिक घेऊन ये. आत्ता."

"आगा, तेबेरिक कुणी परत मागतं का? लोक काय म्हणतील?"

"परत नको. जरा वेळ हवीय. ये."

तोलेगेन आला. बस खालीच उभी केली, बुटांवरचं बर्फही नीट झटकलं नाही. कैसरनं जॉयस्टिक जोडली, होडी सोडली. मऊसूत. तार उपटली, हिसका. जोडली, मऊ. उपटली, हिसका. दोन-चार वेळा असं झाल्यावर तोलेगेन म्हणाला, "ही काय जादूबिदू आहे का?"

"जादू कसली. थांब." कैसर खेळाच्या आतलं बघत होता आणि बघता बघता बोलत होता, वर्षभरात बोलला नसेल एवढं. "हा खेळ दर चित्रामागं विचारतो, दुसरा गडी आहे का? जॉयस्टिक लावलेली असली की आहे म्हणून लगेच उत्तर येतं आणि खेळ पुढं जातो. नसली की हा तार खोचायची सगळी बिळं चाचपत बसतो. इथं आहे का, तिथं आहे का. तेवढ्यात चित्र थांबतं. तोच हिसका."

"आणि पुढच्या चित्राला?"

"पुन्हा पहिल्यापासून शोधतो."

"पण आधीच्या चित्राला तर नव्हता ना तो?"

"ते त्याच्या लक्षात राहत नाही."

तोलेगेननं ती तार बोटांत धरून पाहिली. मग म्हणाला, "म्हणून ताश्कंदवाल्यांचं चालत होतं. नवराबायको दोघं खेळतात. आणि तुझं..."

"माझ्याकडे त्याची लावलेलीच होती. मी काढलीच नाही."

खरं तर असल्या कामाचा पहिला धडाच हा, की तक्रार करणाऱ्याचं मशीन जसं असेल तसं आपलं करून बघायचं. एकटा खेळणाऱ्यासारखं एकटं होऊन बघायचं. कैसरनं तो धडा कितीतरी पोरांना शिकवला होता. पण धूळ पुसताना तो ती जॉयस्टिक उचलायचा, खालचं पुसायचा आणि तार न हलवता होती तशी ठेवायचा. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. आणि यापायी भावाचंच घड्याळ फेकायला निघाला होता, शहाणा!

"मग सोपं आहे की," तोलेगेन म्हणाला. "त्याला सांग, नाहीये म्हणून. शोधू नको म्हणावं."

"हो."

"किती लिहावं लागेल?"

"थोडंसंच. दुसरा नसला तर विचारायचं नाही. कुणी नव्यानं तार जोडली तरच बघायचं."

"मग लिही."

कैसरनं कीबोर्डवर हात ठेवले. हे असलं तो झोपेत लिहील, पण बोटं हलेनात. त्यानं हात मांडीवर घेतले, पुन्हा वर ठेवले. तोलेगेन जॉयस्टिकची तार हाताभोवती गुंडाळत खिडकीशी जाऊन उभा राहिला. कैसरच्या छातीत दुखायला लागलं. खरंखुरं, जागच्या जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि तो घाबरला.

मग त्यानं लिहिलं.

दुलातचं घड्याळ पुन्हा जागेवर बसवलं आणि होडी सोडली. एकच तार, एकच जॉयस्टिक. पुढं बांबूवाला नावाडी नुसता उभा होता. पाणी वाहायला लागलं, अडखळलं नाही. तोलेगेननं खिडकीजवळूनच मान वळवून पाहिलं आणि पाठ केली. त्याचे खांदे हलत होते.

दुरुस्ती पाठवताना कैसरनं खाली दोघांची नावं लिहिली, आणि ग्लेबला वेगळं कळवलं की घड्याळ बरोबर होतं, चूक माझी होती. ग्लेबचं उत्तर लगेच आलं. लावून पाहिलं, तुमच्या भावाचं घड्याळ माझ्यापेक्षा चांगलं आहे, ते काढू नका.

तोलेगेन जॉयस्टिक घेऊन निघाला. दारात म्हणाला, "नेतो मग मी हिला."

"ने. तुझीच आहे."

कैसर स्वयंपाकघरात आला. आपा पाठमोरी उभी राहून वाट्या पुसून फळीवर लावत होती. तो तिच्याजवळ जाऊन नुसताच उभा राहिला. तिनं वळून न बघता विचारलं, "झालं का तुझं काम? चहा टाकू?"

"आपा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "आपा, आपला दुलात नाहीये गं."

आपाच्या हातातलं फडकं थांबलं. तिनं वाटी खाली ठेवली, वळली, आणि एवढ्या थोराड पोराचं तोंड दोन्ही ओल्या हातांत धरलं. तो तेव्हा हमसाहमशी रडत होता.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "नाहीये."