मागच्या सीटखाली

तुम्हीच सांगा, पेट्रोलचा काटा कधी आपोआप वर चढतो का? श्रीवर्धनहून निघालो तेव्हा काटा तळाला, आणि बोर्ली पंचतन यायच्या आत टाकी भरलेली! कुणी भरली, वाऱ्याने? त्यात इंजिनाचा पिवळा दिवाही लागलेला. आमचे हे म्हणाले, "दिवाच आहे तो, राहू दे. गाडी पळते ना?" आणि काट्याच्या काचेवर एक टपली मारली. काटा परत खाली.

दुसऱ्या दिवशी नातीला पालीच्या गणपतीला न्यायचं होतं. एक वर्षाची पोर, सून तिला घेऊन मागे बसणार. घाटात गाडी बंद पडली तर? मी हट्टच धरला, आधी गॅरेज.

मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं. "काका, इंजिन ठणठणीत आहे. टाकीतलं पेट्रोल मोजतो ना सेन्सर, त्याची वायर कुठेतरी गेलीय. मागची सीट काढावी लागेल."

सीट उचलली आणि मी किंचाळलेच. खाली हे एवढं घरटं! सुपारीच्या सालीचे धागे, कुरतडलेल्या सुपाऱ्या, आणि मध्ये उंदराची गुलाबी पिल्लं, डोळेही न उघडलेली. वायरी सोलून काढलेल्या, आतलं तांबं उघडं. आणि लगेच खाली टाकीचं झाकण. पेट्रोलचा वास नाकात शिरला तशी मी मटकन खालीच बसले.

"काकू, एक ठिणगी पुरली असती," तो म्हणाला. "गाडीत सुपारी कुणी ठेवली?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे सुपारी अंगणात वाळते. यंदा मध्येच पाऊस आला, तर ह्यांनी डोकं चालवलं: काचा लावलेली गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, मग पसरा मागच्या सीटवर सुपारी! वर सगळ्या आळीत शहाणपण सांगत फिरले. शेजाऱ्यांनीही तेच केलं. त्यांची सून तर त्यांच्या त्या गाडीतून रोज पोरं शाळेत सोडते.

ह्यांच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं. चेहरा पांढराफटक. खिशातून मोबाइल काढून शेजारच्या सुनेला फोन लावला.

"अगं, निघालीस का? नाही ना? गाडी चालू करू नकोस. पोरांना उतरव. उतरव म्हणतो ना! सीट उचलून बघ आधी."

तिने सीट उचलेपर्यंत हे फोन कानाला लावून उभे राहिले.

"काय आहे हो तिच्या सीटखाली?" मी विचारलं.

"सुपारीचे धागे," हे म्हणाले, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले.