मागच्या आवारातलं टाकं

"बसू नका, अजून ओलं हाय."

काकांच्या मागच्या आवारात पाय ठेवला की पहिलं हे वाक्य कानावर यायचं. दोन बाकं आणि एक आरामखुर्ची, तिन्ही त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली. जुन्या घराच्या सागवानी चौकटी आणि बाभळीच्या फळ्या, असं जमेल ते लाकूड ठोकून. वार्निश लावलं की दुसऱ्या दिवशी त्यांना त्यात धुळीचा कण दिसायचा. मग पॉलिश पेपरनं सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. पेपर आणि वार्निश माझ्याच दुकानातून जायचं, तेव्हा मी तक्रार करू नये हे खरं. पण माझ्या एका चांगल्या विजारीवर त्या बाकाचे पट्टे कायमचे उमटलेत. आग्रहानं बोलवायचं आणि पाहुण्याला उभं ठेवायचं, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

त्यांच्या पायाला भिंगरीच होती. उभी हयात रेल्वेत गेली, शेवटची वर्षं तिगावच्या स्टेशनावर. निवृत्त होऊन पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत घर बांधलं, पण घरात बसणं काही जमलं नाही. चहा उभ्यानं प्यायचे. दुकानात आले की न सांगता माझे खिळ्यांचे डबे नीट लावायचे आणि अर्धं वाक्य माझ्या तोंडात असतानाच सायकलवर टांग मारायचे. घरून निघताना एक काम असायचं, पोचेपर्यंत ते तीन झालेलं असायचं.

काकू त्यांच्या अगदी उलट होत्या. त्यांना हौसेनं नव्हे, गुडघ्यांनी बसवलं होतं. भिंतीला धरून स्वयंपाकघर ते ओसरी, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या रडायच्या. नागपूरच्या डॉक्टरांनी मग दुसरा उपाय सांगितला: छातीभर पाण्यात रोज चाला, पायांना बळ येईल. पण चालायचं कुठे? पोहण्याच्या तलावात चारचौघांत उतरायला काकू मेल्या तरी तयार नव्हत्या. काका तडक दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, टाकं बांधून राहिलो. घरीच."

गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. नळाला पाणी नाही आणि यांच्या घरी स्विमिंग पूल, असं लोक तोंडावर म्हणायचे. काकांना ऐकायलाही वेळ नव्हता. खड्डा झाला, सळ्या बांधल्या गेल्या. मिस्त्रीचं एकच म्हणणं होतं, की भोवतालची काळी माती पार काढा आणि मुरूम भरा. तीन बाजूंनी ते झालं. चौथ्या बाजूला संत्र्याची झाडं होती. बोरगावच्या वडिलोपार्जित बागेतून काकांच्या वडिलांनी स्वतः बांधून दिलेली कलमं. त्यांची मुळं तोडायला काका तयार होईनात. त्या बाजूची माती तशीच राहिली.

पहिल्या पावसाळ्यात टाकं भरलं. काठाच्या लोखंडी पाइपाला धरून काकू पायऱ्या उतरल्या आणि पाण्यात चार पावलं चालल्या. त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. काका काठावरून त्यांच्याबरोबर इकडून तिकडे चालत होते, जणू त्यांचेच गुडघे दुखत होते.

हिवाळ्यात टाक्याला तडा गेला. पाणी एका रात्रीत खाली. माझ्याकडून गळती थांबवायची पावडर नेली, भेग बुजवली, वरून गिलावा केला. पुढच्या हिवाळ्यात तीच भिंत पुन्हा फाटली. मग काकांनी मिस्त्रीला दोष दिला, माझ्या सिमेंटला दिला, आगगाडीच्या हादऱ्याला दिला. एकदा तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत दगडफेकीची गोटमार होते, तेव्हा नदीपलीकडच्या सावरगावातून येणाऱ्या ढोलांवरही त्यांचा संशय गेला. टाकं कोरडं असलं की त्यांचे हात बाकांवर चालायचे. ते इतक्या जोरात घासायचे की फळ्या पातळ होत चालल्या होत्या. आणि काकूंचे पाय पुन्हा आखडत चालले होते.

तिसऱ्यांदा भिंत फुटली तेव्हा पावडरीचा डबा घेऊन मीच गेलो होतो. काका मिस्त्रीच्या नावानं बोलत होते. ओसरीतून काकू हळूच म्हणाल्या, "मिस्त्रीले काऊन बोलता? तुमी झाडाले ताण देता, अन् टाकं फुटते. मी इथं बसून दरसाल पाहून राहिली."

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. दिवाळीनंतर झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची; मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. परसात एकच झाड असलं तरी त्याचा ताण कोणी चुकवत नाही. काकाही चुकवत नव्हते. काळी माती वाळून भेगाळायची, भिंतीपासून सुटायची, आणि आतल्या पाण्याच्या रेट्यानं आधार गेलेली भिंत फाटायची.

काका जागच्या जागी थांबले. मी त्यांना असं थांबलेलं प्रथमच पाहत होतो. "मंग बोलली काऊन नाई इतके दिवस?"

"मामंजीच्या हातची कलमं हायेत थे," काकू म्हणाल्या. "कसं बोलू?"

त्या आठवड्यात ते बोरगावला भावाकडे दोनदा जाऊन आले. भाऊ हसला म्हणे. ताण नाही दिला तर झाड नुसतं माजेल, पानंच पानं, फूल नाही. हे काकांना काय माहीत नव्हतं? तरी पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी पाणी तोडलं नाही. साऱ्या तालुक्यात बागा सुकवत ठेवलेल्या, आणि हे सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन झाडांशी. दर थोड्या वेळानं उठून पानं चाचपायचे, हिरवीगार पाहून कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा पाणी सोडायचे. येणारे-जाणारे हसत. ते फक्त म्हणत, "यंदा राहू द्या."

टाक्याला तडा गेला नाही. माघात गावभर संत्र्याच्या फुलाचा वास सुटला, यांच्या आवारात मात्र पानांखेरीज काही नव्हतं. उन्हाळाभर काकू पाण्यात चालल्या. पावसाळा लागता लागता त्या भिंत न धरता ओसरीतून फाटकापर्यंत आल्या, आणि काका मला बोलवायला दुकानात धावत आले.

त्याच श्रावणात काका गेले. सकाळी चांगले होते, दुपारी नव्हते. एवढ्या धावपळीच्या माणसाला जायलाही वेळ लागला नाही. मला त्यांची फार आठवण येते. अजूनही डबे वेडेवाकडे दिसले की मी दाराकडे पाहतो.

दिवाळीनंतर मी सहज त्यांच्याकडे डोकावलो, तर झाडांखालची माती कोरडी दिसली. मोटार बिघडली असेल म्हणून मेकॅनिक पाठवतो म्हणालो.

"मोटार चांगली हाय, भाऊ," काकू म्हणाल्या. "मीच पाणी तोडलं. ताण देऊन राहिली."

टाकं फुटेल, मी म्हणालो. गुडघे पुन्हा धरतील.

"फुटू द्या. गेल्या साली त्यायनं माह्यासाठी फुलावर पाणी सोडलं. मले बोलले नाई, पण पहाटे झाडाखाली जाऊन फांद्या पाहत. मले खिडकीतून दिसे."

माघात मी पुन्हा गेलो तेव्हा टाक्याची ती भिंत वरपासून खालपर्यंत उघडली होती, तळाशी पाचोळा होता. झाडं पांढरी झाली होती. काकू पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत चालत गेल्या, कशालाही न धरता, आणि तशाच परत आल्या.

"पाहा, भाऊ, येते मले चालता," त्या म्हणाल्या. "पण पाहणारं माणूस गेलं."

मग त्या पुन्हा वळून चालू लागल्या. दुकान उघडं टाकून आलो होतो, तरी त्या परत येईपर्यंत मी पाहत राहिलो.