माळ्यावरचं साप्ताहिक

महाडच्या आमच्या साप्ताहिकाच्या मालकाच्या मुलाने मला फसवलं. जुन्या अंकांच्या बांधलेल्या फायली त्याने रद्दीत घातल्या आणि मला सांगितलं, पुरात गेल्या.

त्या फायली दर पावसाळ्यात माझ्या माळ्यावर असत. बाजारपेठेत सावित्रीचं पाणी शिरायला लागलं की खालचा माणूस आपला माल वरच्या मजल्यावाल्याकडे टाकतो, आणि पाणी उतरलं की घेऊन जातो. भाडं कुणी विचारत नाही. छापखाना नदीच्या अंगाला, माझं पाइपांचं दुकान दुमजली. मी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही भांडतो, पण इथे मागणं एकच होतं: साप्ताहिक बंद पडलं तर फायली माझ्या. थोरले मालक म्हणाले, "दिल्या."

मग खाली पाणी आणि वर मी, असे कितीतरी दिवस गेले. ऊन पडलं की पाण्याचे कवडसे छतावर हलत राहायचे आणि मांडीवर फाइल. पानं उलटताना वाटे, आपण होडीत बसलोय आणि दोन्ही काठांनी गावं सरकतायत. शिवथरची जत्रा, सवच्या वाटेवरचा खचलेला साकव, कापड्याला भाताची लावणी उरकली. वाड्यांवरच्या बातम्या चिठ्ठीवर लिहून एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या जात. दुकान टाकण्याआधी मी साप्ताहिकाचंच काम करायचो; पोलादपूरला तो गठ्ठा उतरवून घ्यायचो, तिथेच जाहिराती गोळा करायचो. माझा पाइपांचा धंदा त्या स्टँडवरच्या ओळखींवर उभा राहिला. अर्धे अंक मुंबईला जात. तिथल्या खोलीत बसून माणसं आपल्या वाडीचा पाऊस वाचत.

एका फाइलीत माझी आई होती. आमच्या वाडीवर पहिली एसटी आली तेव्हा तिने आरतीचं ताट घेऊन गाडीला ओवाळलं, आणि तो फोटो पहिल्या पानावर आला. मी अंक दाखवला तर म्हणाली, "गाडी येवढी मोठी नि मी मुंगीयेवढी? फोटूवाल्याला सांग रे, ओवाळनारी मी हाय, गाडी नाय."

तिचा दुसरा फोटो नाही. घरी कुडाच्या भिंतीला चिकटवलेला अंक धुराने आणि ओलीने गेला. माळ्यावर मात्र ती दरवर्षी भेटायची. कवडसा पानावर आला की ताटातली ज्योत हलल्यासारखी वाटे.

थोरले मालक गेले, मुलाने कारभार घेतला. त्या पावसाळ्याआधी तो म्हणाला, "काका, यंदा तुम्हाला त्रास नको. नव्या ऑफिसात वरच ठेवतोय." पूर ओसरल्यावर दारात येऊन मान खाली घातली. "गेल्या हो काका. सगळ्या. पाणी वरपर्यंत चढलं. आता पेपर मोबाइलवरच काढणार." मीच त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला.

दिवाळीत पोलादपूरच्या स्टँडवर शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आमचंच साप्ताहिक, लावणीची बातमी. कागद पिवळा, पण कोरडा, करकरीत. महाडच्या पुरातून निघालेला कागद आम्ही डोळे मिटून ओळखतो. चिखलाचा पट्टा त्याला जन्मभर राहतो, पानं विटेसारखी चिकटतात. याला डागसुद्धा नव्हता.

"हे गठ्ठे कधी आणलेस?" मी शेंगदाणेवालीला विचारलं.

"पावसाच्या आदी. भंगारवाल्याकडनं. का वो शेट, दानं खवट हायत का?"

उरलेला सगळा गठ्ठा मी तिथेच विकत घेतला आणि पानन् पान पाहिलं. आई नव्हती.

हल्ली डोळा लागला की ती गाडी दिसते. धुक्यातून वाडीवर चढते, थांबते, आणि समोर ताट घेऊन कुणीच उभं नसतं.

मुलगा अजून बाजारात भेटतो, "काका, बरे आहात ना?" म्हणतो. बरा नाही. पूर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यावर ढकलू नकोस. माझा माळा रिकामा होता, जिना उघडा होता, आणि तुझ्या बापाने शब्द दिला होता. माझी आई कुणाच्या शेंगदाण्यांभोवती गुंडाळून गेली, ते भर बाजारात उभं राहून सांग.