पुस्तकात नसलेला मेंढपाळ

ह्यांनी उभी हयात सदाशिव पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवला. दहावीचा अभ्यासक्रम संपला की ते वर्गाला बल्गेरियातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगत. "हे पुस्तकात नाही, परीक्षेला येणार नाही, तेव्हा निवांत ऐका." तरुणपणी जुन्या बाजारातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात तो माणूस त्यांना भेटला, आणि मग त्यांनी त्याला सोडलंच नाही. पाहुण्यांचीही सुटका नसे. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून मलाही गोष्ट जवळपास पाठ झाली होती.

गेल्या वर्षी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. सगळं कळायचं, पण शब्द सापडायचे नाहीत. चहा हवा असला की "खुर्ची" म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

नारायण पेठेत वाचेचे उपचार करणाऱ्या एक ताई होत्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला अगदी पाठ असलेलं काहीतरी सांगा."

एरवी हे म्हणाले असते, "मी आपला आजोबा कधीपासून झालो?" त्या दिवशी नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "में... मेंढ्या." पुढे काही येईना. मान खाली गेली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, मी सांगते. चुकलं तर थांबवा."

मग रोज संध्याकाळी मी सांगू लागले. खेड्यातला पोरगा, मेंढ्या राखायचा. शहरात शिंप्याकडे कामाला लागला, तिथल्या वाचनालयात आपलं आपण शिकला. तुर्की सत्तेविरुद्धच्या उठावात उतरला. उठाव चिरडला गेला, सोबती मारले गेले, हा तुरुंगात पडला. सुटल्यावर, मेलेल्यांना कोणी विसरू नये म्हणून त्याने सगळं लिहून काढलं.

"आणि पुढे तो मंत्री झाला."

"न... नाही!" ह्यांनी हात वर केला.

"मग? संसदेचा सभापती?"

ह्यांनी मान डोलावली आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

सोबत्यांचा भाग आला की मात्र डोळ्यांतून पाणी वाहायचं. वर्गात तोच भाग ते खणखणीत आवाजात सांगत. एकदा मी तो मुद्दाम गाळला, तर माझं मनगट धरलं. "सांग," म्हणाले. मी सांगितला. दोघंही रडलो.

शेवटी मी विचारायची, "चाळिशीही गाठली नाही बिचाऱ्याने. कुठे गेला हो तो?" उत्तर होतं पॅरिस. हे दर वेळी म्हणायचे, "पुणे." आधी मी सुधारायची. नंतर सोडून दिलं.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. दवाखान्यात मी त्यांच्या कानाशी गोष्ट सुरू केली. शिंप्यापर्यंत आले, तेवढ्यात नर्सने मला बाजूला व्हायला सांगितलं.

हे गेल्यावर समाचाराला त्यांचे जुने विद्यार्थी आले. स्वतःच पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ म्हणाले, "सरांची ती बल्गेरियाची गोष्ट अजून आठवते. शेवटी काय झालं होतं हो त्याचं?"

मी चहा टाकायला आत गेले.