बाहीवरचा लाल डाग

दर गणपतीला कपाटातून तो पांढरा कुर्ता निघतो आणि बाहीवरचा लालसर डाग पाहिला की मी परदेशात नोकरीला होतो तो टूवूंबा शहरातला हँगर आठवतो. पेशंट नेणाऱ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर नॅव्हिगेशनचा अँटेना होता आणि तो ठरलेल्या दिवशी हात लावून तपासायचं काम माझं होतं. त्या संध्याकाळी मित्राकडे आरती होती, म्हणून मी आधीच कुर्ता चढवून बसलो होतो. शिडीवर चढून तो मळवायला जिवावर आलं. खालूनच टॉर्च मारला आणि फॉर्मवर सही ठोकली. थोड्या वेळाने आमचा म्हातारा सुपरवायझर स्वतः शिडीवर चढून बघून खाली आला. त्याच्या बोटांवर अँटेनावर साचलेली, तिथल्या मातीची लाल धूळ होती. “हात लावून बघितलास ना, मेट?” “हो,” मी म्हणालो. त्याने माझ्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. “बुडाशी तडा गेलाय,” एवढंच हळू आवाजात म्हणाला आणि माझ्यासाठी शिडी धरून उभा राहिला. मी कुर्त्यानिशी वर चढलो. तडा बोटाला लागला, धूळ बाहीला. उशिरा आरतीला पोचलो, तेव्हा कुणीतरी डागाबद्दल विचारलं. गुलाल आहे, म्हणालो. अजूनही तेच सांगतो.