फाट्यावरची डहाळी

चूक माझी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात एसटी बंद होती, म्हणून लालबागला परतताना मी आणि वहिनी गावाहून चालत घाटावरच्या स्टेशनाकडे निघालो. पुढे चालणाऱ्याने फाट्यावर चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची, ही आमची रीत.

खाचरं संपली तशी वहिनी मागे पडली. ओरडली, "भावजी, मुंबईकर झालात! डहाळी विसराल हां!"

मी हसलो आणि विसरलो. खिंडीत धुकं उतरलं. तिची हाक कड्याच्या बाजूने आली, मग एकदम थांबली.

पाय मोडला, पण ती वाचली. "डहाळी गुरांनी खाल्ली असेल," असं ती सगळ्यांना सांगायची. परवा ती लंगडत चहा घेऊन आली, तेव्हा म्हणालो, "वहिनी, डहाळी मी टाकलीच नव्हती. मला माफ कर."